वेळेवर येणारी चित्रे

कार्टून हा विषय काढला की मोठी माणसे सहसा हसतात. लहान मुलांची ती करमणूक, तिच्याविषयी गंभीरपणे काय लिहायचे, असे अनेकांना वाटते. मला मात्र या विषयाने गेली तीस वर्षे सोडलेले नाही. माझा मुलगा कार्टून पाहत मोठा झाला, पुढे तशीच चित्रे काढून पोट भरू लागला, आणि आता त्याची मुले माझ्या शेजारी बसून मोबाइलवर तीच चित्रे पाहतात. तीन पिढ्यांच्या या पाहण्यात काय पालटले याचा हिशेब मांडावा, असे बरेच दिवस मनात होते. केबलवरील कार्टूनच्या वाहिन्यांची जागा इंटरनेटवरील नव्या सेवा घेत आहेत. या बदलात मुलांना काय मिळाले आणि घराने काय गमावले, एवढाच या लेखाचा विषय आहे.

१९८४ साली तारापूर औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मला नोकरी लागली आणि वसईचे घर सोडून आम्ही बोईसरला बिऱ्हाड थाटले. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून चालू होते. औद्योगिक वसाहतही वाढत होती. कामासाठी दूरदूरची माणसे येऊन राहिली होती. आमच्या चाळीत एका खोलीत उत्तर प्रदेशचे कुटुंब, शेजारी खानदेशचे, पलीकडे ओडिशाचे, कोपऱ्यावर गुजराती दुकानदार, मागच्या पाड्यावर वारली घरे आणि मध्ये आम्ही वसईचे ख्रिस्ती. दिवसाची वेळ घड्याळापेक्षा आवाजांवरून कळे. कारखान्याचा भोंगा वाजला की पाळी बदलली. सायकलींच्या घंटा ऐकू आल्या की चहाचे आधण ठेवायचे. आमच्या घरात दिवेलागणीनंतर रोझरीची वेळ होई आणि साऱ्या चाळीला ती ठाऊक असे.

तेव्हा टीव्ही म्हणजे दूरदर्शन. १९७२ साली सुरू झालेल्या मुंबई केंद्राची चित्रे कौलावरच्या ॲण्टेनावर पकडायची, आणि वारा आला की एकाने वर चढून तो वळवायचा. त्यावर मुलांसाठी चित्रपट फारसे नसत. फिल्म्स डिव्हिजनने १९७४ साली काढलेला, विजया मुळे यांचा ‘एक अनेक और एकता’ हा छोटा चित्रपट अधूनमधून लागे आणि मुले तो तोंडपाठ म्हणत. मग १९९३ साली रविवारी सकाळी ‘द जंगल बुक’ सुरू झाले. जपानमध्ये तयार झालेली ती मालिका हिंदी आवाजात आली. त्यातील शेरखानाला आपल्या नाना पाटेकरांचा आवाज होता. वाघ मराठी माणसाच्या आवाजात गुरगुरतो, याचा आमच्या मुलाला कोण अभिमान! परंतु रविवारची सकाळ ही मिस्सेचीही वेळ. प्रवचन जरा लांबले की देवळातल्या मागच्या बाकांवर चुळबुळ सुरू होई. फादरांच्याही ते ध्यानी आले असावे, कारण त्या काळात एकदा त्यांनी हसत हसत मोगलीलाच प्रवचनात आणले होते.

आखाती युद्धाच्या सुमारास, १९९१ साली, उपग्रह वाहिन्या भारतात दिसू लागल्या आणि गल्लोगल्ली केबलवाले उभे राहिले. आमच्याकडे केबल पोहोचायला आणखी तीनेक वर्षे गेली. एक तरुण विजेच्या खांबावरून, तिथून नारळाच्या झाडावरून, तिथून आमच्या खिडकीपर्यंत काळी तार ओढत आला. आमच्या टीव्हीला आठच बटणे होती. प्रत्येक बटणामागे एक बारीक चाक असे; ते फिरवून वाहिनी बसवायची आणि पुन्हा हात लावायचा नाही. आठांत कोणाला जागा द्यायची, यावर घरात चर्चा झाली. दूरदर्शनची दोन, बातम्यांचे एक, पत्नीच्या आवडीचे एक. १९९५ सालच्या १ मे रोजी, महाराष्ट्रदिनीच, भारतात कार्टून नेटवर्क ही वाहिनी सुरू झाली आणि सातवे बटण मुलांचे झाले.

ही वाहिनी अमेरिकेत १९९२ साली टेड टर्नर यांच्या कंपनीने काढली होती. जुन्या कार्टूनचे मोठे भांडार त्या कंपनीने विकत घेतलेले होते. तेच दिवसभर दाखवायचे, असा तो व्यवहार. त्यामुळे बोईसरच्या चाळीतील मुले १९९५ साली जी टॉम आणि जेरीची भांडणे पाहत होती, ती मूळची १९४० नंतरची होती. रात्र झाली की तीच वाहिनी टीएनटी हे नाव घेई आणि जुने इंग्रजी चित्रपट दाखवू लागे. म्हणजे झोपायची वेळ मुलांना वाहिनीच सांगे.

त्या सातव्या बटणासमोर संध्याकाळी आमच्या खोलीत पंधरा-सोळा मुले बसत. बाहेरच्या ओट्यावर चपलांची रास पडे. टॉम आणि जेरीला भाषा जवळजवळ लागतच नाही, त्यामुळे ओडिया, भोजपुरी, गुजराती, वारली आणि वसईची बोली बोलणारी ती सारी पोरे एकाच क्षणी हसत. पुढे वाहिनीने हिंदी आवाज घातला. वीज गेली की मुले गोष्टीचा उरलेला भाग आपापल्या मनाने पूर्ण करीत, आणि दुसऱ्या दिवशी कोणाचा शेवट खरा ठरला यावर वाद घालीत. हा वाद मला कार्टूनपेक्षाही अधिक आवडे.

आज मागे पाहताना एक गोष्ट ठळकपणे दिसते. त्या काळी कार्यक्रम संपत असे. वाक्य अगदी साधे आहे, पण त्यात मोठा अर्थ आहे. साडेसातला कार्यक्रम संपला की संपला. तो पुन्हा लावणे माझ्या हाती नव्हते आणि मुलाच्याही नव्हते. त्यामुळे टीव्ही बंद करण्यावरून बापलेकांचे भांडण होण्याचे कारणच नव्हते. पुढचा भाग उद्या, याच वेळी. मुले उठत, आपापल्या घरी जात, आम्ही रोझरीला बसत असू. शेजारच्या खानदेशी कुटुंबातील मुलगी कधीकधी तशीच बसून राही आणि आमच्याबरोबर ‘नमो मारिया’ म्हणे. कोणी तिला थांबवले नाही, कोणी आग्रहही केला नाही.

पुढची पंधरा वर्षे या वाहिन्यांच्या भरभराटीची होती. २००४ साली पोगो आली. हैदराबादच्या एका कलाकेंद्रात तयार झालेला छोटा भीम २००८ साली तिच्यावर अवतरला आणि देशभर पोरांच्या दप्तरांवर, डब्यांवर जाऊन बसला. ‘लोटपोट’ या हिंदी चित्रनियतकालिकातील मोटू आणि पतलू २०१२ साली निक वाहिनीवर चालतेबोलते झाले. जपानचा डोरेमॉन त्याआधीच हिंदी बोलू लागला होता. या सर्वांनी आमच्या मुलांना हिंदी शिकवले, हे खरे. बोईसरसारख्या गावात ती सर्वांना जोडणारी भाषा ठरली, हेही खरे. पण ‘आई, मुझे नींद आ रही है’ असे घरात ऐकू येऊ लागल्यावर थोडे कानकोंडे वाटे. ही काळजी केवळ आपली नव्हती. बांगलादेशात मुले डोरेमॉन पाहून हिंदी बोलू लागली, म्हणून तेथील सरकारने २०१३ साली तो हिंदी कार्यक्रम बंद पाडला. बंदी हा उपाय मला पटत नाही, परंतु दुखणे समजते.

तमिळ मुलांना २००७ साली चुट्टी टीव्ही ही स्वतःची वाहिनी मिळाली, मल्याळी मुलांना २०११ साली कोचू टीव्ही. मराठीत ईटीव्ही बालभारत आली ती २०२१ साली, आणि तीही अनेक भाषांत एकदम निघालेल्या वाहिनीचे एक रूप म्हणून. तोवर मुले टीव्हीपासून दूर निघून गेली होती. ज्या महाराष्ट्रात दादासाहेब फाळक्यांनी काड्यापेटीतील काड्या एकेक चित्र घेत हलवून ‘आगकाड्यांची मौज’ दाखवली, त्या महाराष्ट्राला हा उशीर शोभला नाही, असे वाटल्याशिवाय राहत नाही.

केबलची ती काळी तारही बदलली. २०११ सालच्या कायद्याने सर्व केबल टप्प्याटप्प्याने डिजिटल करायचे ठरले आणि २०१७ पर्यंत खेड्यापाड्यांतही टीव्हीशेजारी सेट टॉप बॉक्स आला. मग १ फेब्रुवारी २०१९ पासून दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे नवे दर लागू झाले. शंभर वाहिन्यांसाठी १३० रुपये आणि कर, त्याखेरीज ज्या वाहिन्यांना पैसे पडतात त्या प्रत्येकीची किंमत वेगळी, अशी ती रचना. ग्राहकाला हवे तेच घ्यावे, हा हेतू चांगला होता. परंतु पूर्वी तारेबरोबर कार्टूनची वाहिनी प्रत्येक घरात आपोआप येत असे. आता ती यादीतील एक ओळ झाली, आणि ज्या घरात लहान मूल नाही त्या घराने ती खोडून टाकली. अशा घरी शेजारचे मूल गेले, तर त्याला तिथे पाहण्यासारखे काही उरले नाही.

तेवढ्यात इंटरनेट स्वस्त झाले. जानेवारी २०१६मध्ये नेटफ्लिक्स भारतात आले, त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ सुरू झाले आणि डिसेंबरात ॲमेझॉनची चित्रपटसेवा आली. हॉटस्टार त्याआधी वर्षभर होते. ज्यांना हल्ली सारेच ओटीटी म्हणतात, त्या या सेवा. २०२० साली एप्रिलच्या आरंभी, टाळेबंदी लागून दहा दिवसही झाले नव्हते, तेव्हा डिस्नेचे सारे भांडार हॉटस्टारवर आले. शाळा बंद, मैदान बंद, देऊळ बंद. अशा दिवसांत हजारो घरांतील मुलांचा वेळ याच भांडाराने भरून काढला, हे मान्य केलेच पाहिजे. गंमत म्हणजे त्याच महिन्यात दूरदर्शननेही ‘जंगल बुक’ पुन्हा दाखवायला घेतले. माझा मुलगा आपल्या मुलाला घेऊन ठरलेल्या वेळी टीव्हीसमोर बसला. नातवाने दोन भाग पाहिले आणि विचारले, “पप्पा, पुढचा आत्ताच लावा ना.” पुढचा उद्या लागेल, याचा अर्थच त्याला कळेना.

नव्या सेवांनी काहीच चांगले केले नाही, असे मी म्हणणार नाही. ज्याला चित्रपटांच्या या प्रकाराचे खरे वेड आहे, त्याच्यासाठी तर हा सुगीचा काळ आहे. केबलवर वाहिनी दाखवील ते पाहावे लागे. कित्येक मालिका मध्येच तोडल्या जात, शेवट कधी कळतच नसे. माझ्या मुलाने लहानपणी अर्धवट राहिलेल्या मालिका वयाच्या तिशीत पूर्ण पाहिल्या. २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत आल्यावर बोईसर ते अंधेरी असा त्याचा रोजचा प्रवास सुरू झाला होता. पुढे मोबाइलवर स्वस्त इंटरनेट आले आणि गर्दीत उभ्या उभ्या त्याने जपानमधील श्रेष्ठ दिग्दर्शकांची कामे पाहिली. त्याचे शिक्षण तिथेच झाले, असे तो म्हणतो. एप्रिल २०१९मध्ये छोट्या भीमाचे बाळरूप घेऊन ‘मायटी लिटल भीम’ नेटफ्लिक्सवर आले. त्यात संवाद नाहीत, म्हणून ते जगात कुठेही समजते. आपल्या देशात काढलेले चित्र ब्राझीलमधील बाळ हसत पाहते, ही केबलच्या काळात कोणाच्या स्वप्नातही न येणारी गोष्ट.

असे असूनही माझ्या घरातील एक दृश्य मला अस्वस्थ करते. नातू नऊ वर्षांचा आहे, नात सहाची. दोघे एकाच पलंगावर बसतात, पाठीला पाठ लावून. याच्या हाती एक पडदा, तिच्या हाती दुसरा. हा हसतो तेव्हा ती गंभीर असते. तिला भीती वाटते तेव्हा हा दुसऱ्याच देशातल्या गोष्टीत असतो. एक भाग संपताच पुढचा आपोआप सुरू होतो. संपणे हा प्रकारच त्या यंत्रातून काढून टाकला आहे. म्हणून थांबवण्याचे काम आईवर येते, आणि माझी सून बिचारी रोज संध्याकाळी दुष्ट ठरते. माझ्या काळात ते काम वाहिनी करीत होती. मी कधी फार कडक बाप नव्हतो. मला कडक होण्याची गरजच पडली नाही, एवढेच.

दुसरी गोष्ट जपणुकीची. नव्या सेवा आल्या तेव्हा लोकांना वाटले, आता सारे कायम हाताशी राहील. तसे घडलेले नाही. ऑगस्ट २०२२मध्ये अमेरिकेतील एचबीओ मॅक्स या सेवेने खर्च कमी करण्यासाठी अनेक मालिका आपल्या भांडारातून काढून टाकल्या. त्यात ‘इन्फिनिटी ट्रेन’ ही नावाजलेली मालिकाही होती. ज्यांनी ती वर्षानुवर्षे खपून केली, त्यांनाही ती दाखवायला जागा उरली नाही. जुनी कार्टून दाखवणारी बूमरँग नावाची वेगळी सेवा तिथे २०१७ साली निघाली आणि २०२४ साली बंद झाली. मार्च २०२५मध्ये तर बग्ज बनी आणि डॅफी डक यांचे जुने मूळ चित्रपटही त्या मोठ्या सेवेवरून गेले. दरम्यान अमेरिकेतील शनिवार सकाळची कार्टून, जी १९६०च्या दशकापासून तिथल्या मुलांचा सणच होती, ती मोठ्या वाहिन्यांवरून २०१४ साली संपली. ब्रिटनमध्ये डिस्नेच्या वाहिन्या २०२० साली बंद करून त्यातील सारे नव्या सेवेवर नेले.

केबलच्या वाहिन्या तेच तेच दाखवतात, अशी आमची तक्रार असे. आज त्या पुनरावृत्तीचे मोल कळते. १९४० सालचे टॉम आणि जेरी माझ्या मुलापर्यंत पोहोचले ते कोणीतरी ते रोज दाखवत राहिले म्हणून. आपल्या प्रार्थना, ओव्या, लग्नातली गाणी अशाच पुन्हापुन्हा म्हटल्याने टिकली. कोठारात असणे आणि कोणीतरी वेळेवर वाढणे, या दोन गोष्टींत अंतर आहे.

आता माझ्या मुलाच्या धंद्याविषयी. २००९ साली तो मुंबईतील एका कार्टून बनवणाऱ्या कंपनीत लागला. सुरुवातीला तो मला हे काम समजावून सांगे. सेकंदाला चोवीस चित्रे हवीत. खर्च वाचवायचा तर बारा काढून प्रत्येक दोनदा दाखवायचे. योगी अस्वलाच्या गळ्यात टाय का असतो, हे त्याने एकदा विचारले. मला उत्तर येईना. तो म्हणाला, “पप्पा, मान आणि धड यांची सांधरेषा लपवायला. धड तसेच ठेवून फक्त डोके नव्याने काढायचे.” टीव्हीसाठी थोड्या पैशांत रोजची कार्टून कशी करायची, याची ती युक्ती हॅना आणि बार्बेरा यांनी १९५०च्या दशकात रूढ केली होती. आमच्या खोलीतील पंधरा मुलांनी तो टाय शेकडो वेळा पाहिला असेल. त्यामागची काटकसर कोणाला दिसली नव्हती.

केबलच्या वाहिन्यांचे गणित सरळ होते. अकरा मिनिटांचे बावन्न भाग एकदम करून घ्यायचे, ते वर्षानुवर्षे फिरवायचे आणि बिस्किटे, पेये, दप्तरे यांच्या जाहिरातींतून खर्च भरून काढायचा. या गणितावर मुलासारख्या शेकडो चित्रकारांच्या चुली पेटत होत्या. ओटीटी आल्यावर आरंभी काम वाढले, पगारही वाढले. मग २०२२च्या पहिल्या तिमाहीत नेटफ्लिक्सचे ग्राहक दहा वर्षांत प्रथमच घटले आणि त्यांनी ज्या विभागांत हात आखडता घेतला, त्यांत कार्टूनचा विभाग होता. अमेरिकेतील शिंक इथे सर्दी होऊन आली. मुले मोबाइलकडे गेल्याने वाहिन्यांकडे जाहिराती कमी. वाहिन्यांकडे पैसे कमी म्हणून नव्या मालिका कमी. यूट्यूबवर बालगीते टाकून जगणाऱ्या त्याच्या मित्रांनाही मार लागला, कारण अमेरिकेतील खटल्यानंतर जानेवारी २०२० पासून मुलांच्या चित्रफितींवर पाहणाऱ्याच्या सवयी हेरून दिलेल्या जाहिराती बंद झाल्या. मुलांच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच होता, पण चित्रकाराच्या मिळकतीला कात्री लागली. २०२३ साली मुलाची कंपनी आक्रसली आणि चौदा वर्षांच्या नोकरीनंतर त्याच्या हाती तीन महिन्यांचा पगार पडला.

तो काळ घरात कठीण गेला. पोरे झोपल्यावर तो जुन्या वह्या काढून बसे. एकदा म्हणाला, “पप्पा, मी ज्यांच्यासाठी चित्रे काढली ती मुले पाहतात तरी कुठे, हेच आता कळत नाही. पूर्वी साडेपाच वाजता अख्खा देश पाहतोय, एवढे तरी ठाऊक असायचे.” मी काय बोलणार? कारखान्यात माझ्या हातून निघालेला माल कुठे जातो, हे मलाही कधी कळले नव्हते. पण माझ्या मालाला हसणारी मुले नव्हती. आता तो पालघरजवळच्या एका संस्थेत चित्रकला शिकवतो आणि मिळेल ते काम घरी बसून करतो. मागच्या पाड्यावरच्या एका वारली म्हाताऱ्याकडून ऐकलेली गोष्ट मराठीत, सहा मिनिटांत, त्याला करायची आहे. वहीतील पहिली चित्रे मी पाहिली आहेत. सहा मिनिटांना काही हजार चित्रे लागतात. ती काढण्याचा वेळ कोण देणार आणि पैसे कोण देणार, याचे उत्तर अजून मिळालेले नाही.

घरात मात्र आम्ही एक बदल केला आहे. शनिवारी जेवणे आटोपली की दोन्ही मोबाइल कपाटावर जातात आणि मोठ्या पडद्यावर एकच गोष्ट लागते. एका शनिवारी निवड नातवाची, दुसऱ्या शनिवारी नातीची. दुसऱ्याच्या आवडीचे मुकाट्याने पाहायचे, ही अट. आपोआप पुढचा भाग सुरू होण्याची सोय सुनेने शोधून बंद करून टाकली आहे. टॉम आणि जेरी लागले तर आवाज बंद असतो आणि संवाद मी वसईच्या बोलीत म्हणतो. पहिल्या दिवशी मुले माझ्याकडे पाहतच राहिली. हल्ली नात मध्येच तोंड घालून मांजराला दोन शब्द सुनावते, आणि ते शब्द तिच्या पणजीचे असतात. आठवड्याच्या बाकीच्या सहा दिवसांचा प्रश्न यामुळे सुटला, असे नाही. पाठीला पाठ लावून बसणे चालूच आहे. पण सोमवारी शाळेत सांगायला दोघांकडे एक समान गोष्ट असते.

आमचा जुना केबलवाला अजूनही येतो. खांबावरून तो आता इंटरनेटची बारीक काचतार ओढतो. परवा म्हणाला, “काका, टीव्हीची जोडणी आता म्हातारीच माणसे ठेवतात.” तार तीच वाट धरून आली आहे, फक्त तिच्यातून येणाऱ्या गोष्टींना आता वेळ नाही. ती वेळ कोणीतरी ठरवायला हवी. दिल्लीचे प्राधिकरण ती ठरवणार नाही, अमेरिकेची कंपनी तर नाहीच नाही.

वाचकहो, आपल्या बहुतेक धर्मग्रामांत सभागृह आहे, पडदा आहे, चित्र फेकणारे यंत्रही असते. महिन्यातून एका रविवारी, धर्मशिक्षणाचे वर्ग सुटल्यावर, अर्धा तास मुलांना एकत्र बसवून एक चांगले कार्टून दाखवायला फार खर्च येत नाही. दाराबाहेर चपलांची रास पडू द्यावी. शेजारच्या चाळीतील, पाड्यावरील मुलांनाही बोलवावे. आणि अर्धा तास झाला की यंत्र बंद करून सांगावे, पुढचे पुढच्या महिन्यात. पहिल्या वेळी मुले कुरकुरतील. मधल्या महिन्यात ती गोष्टीचा शेवट काय असेल यावर भांडतील, आणि त्यांच्यापैकी एखादे घरी जाऊन तो शेवट वहीत काढू लागेल.